शिडाच्या होडीवरचं छत

बाबा,

मी शिडाची होडी घेतली आहे. नवी, अठरा फुटांची, पांढऱ्या फायबरची. गंगापूर धरणाच्या पाण्यावर एका धक्क्याला बांधलेली असते. तुम्ही असता तर किंमत किंवा वेग विचारला नसता, शीड कोणी शिवलं हे विचारलं असतं. मुंबईच्या एका कारागिराने शिवलं आहे. टाके सरळ आहेत, मी भिंगातून पाहिले. तुम्ही गेलात त्याला चौदा वर्षं झाली आणि तेवढ्या काळात तुम्हाला काही लिहावं असं मला वाटलं नव्हतं. आज लिहिते आहे कारण शनिवारी मी पहिल्यांदा होडीवर मुक्कामाला जाणार आहे. आईने बरोबर यावं असं मला वाटत होतं, आणि ती चार वेळा नाही म्हणाली होती.

होडी बनवणारे नुसतं कवच देतात. खालचा भाग, डोलकाठी, दोन शिडं, सुकाणू, बस्स. तिच्यावर दोन दिवस राहायचं तर बाकीचं आपण करायचं. गेले तीन महिने माझे सगळे शनिवार-रविवार त्यातच गेले. सहा किलोचा नांगर, त्याला तीन मीटर साखळी आणि पुढे तीस मीटर दोर. डोलकाठीच्या टोकावर दिवा, त्यासाठी बॅटरी, आणि बॅटरी कलंडू नये म्हणून तिच्या मापाची पेटी. आत शिरलेलं पाणी उपसायला हातपंप, आणि हातपंप बिघडला तर बादली. प्रत्येक स्क्रूच्या भोकात आधी सीलंट भरायचं, मग स्क्रू फिरवायचा, आणि तो पूर्ण आवळायचा दुसऱ्या दिवशी. हे सगळं मला आवडलं. अंबडच्या कारखान्यात मी मोजायची साधनं तपासते, मायक्रोमीटर खरं बोलतो की नाही हे पाहणं हे माझं काम आहे. होडीवर निदान जे मोजते ते माझं असतं. गिरणाऱ्याच्या रस्त्याने द्राक्षबागांमधून जायचं, सकाळच्या गारठ्यात धक्क्यावर पोचायचं आणि वहीत लिहिलेल्या कामांपैकी दोन पुरी करून परतायचं, असा क्रम होता. शेवटचं काम तेवढं राहिलं होतं, छताचं. नांगर टाकून थांबलो की शिडाखालच्या आडव्या दांडीवरून एक कापड ताणायचं, पुढे डोलकाठीला अडकवायचं, मागे हुकांना. त्याखाली माणूस बसतो, जेवतो, झोपतो. लहानसा तंबूच म्हणा. तो विकत मिळत होता. मी घेतला नाही.

देवळाली कॅम्पचं आपलं दुकान मला बाजारातल्या इतर दुकानांआधी वासाने ओळखू यायचं. ओलसर कॅनव्हास, मेण, मशीनचं तेल. तुम्ही मशीनवर, गुडघ्याशी तंबूच्या कापडाचा ढीग, आणि आई मागे पोत्यावर बसून कडेला दोर शिवते आहे. तिच्या तळहातावर चामड्याचा पट्टा, त्यानेच ती सुई रेटायची. लष्कराच्या गाड्यांची आच्छादनं, बिस्तरबंद, कनाती, सगळं आपल्याकडे यायचं. तुमच्याकडे मोजायचा टेप नव्हता. तुम्ही हाताने मोजायचात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, आणि प्रत्येक हाताला बोटभर कापड जास्त सोडायचात. "हाताला बोटभर." हे वाक्य मी पाढ्यांच्या आधी शिकले असेन. सुती कॅनव्हास भिजलं की आटतं, म्हणून ते सोडायचं, हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं. मला ते अडाणीपणाचं वाटायचं. शाळेत मिलिमीटर शिकवत होते आणि माझे वडील बोटं मोजत होते.

मी सातवीत असेन. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मला बक्षीस म्हणून स्टीलचा टेप मिळाला होता आणि तो मी झोपतानासुद्धा उशाशी ठेवायचे. तुम्हाला ताप होता. एका तुकडीच्या स्वयंपाकाच्या तंबूची कनात तातडीने हवी होती. तुम्ही आत पडून सांगितलंत, "खांबांची मापं कागदावर आहेत, तू आखून दे, आई कापेल." मी आखलं. मिलिमीटरपर्यंत बरोबर आखलं आणि बोटभर कुठेही सोडलं नाही. आईने खडूच्या रेषेवरून कात्री चालवली, संध्याकाळी तुम्ही अंगात ताप असताना शिवून दिलीत. पंधरा दिवसांनी अवकाळी पाऊस झाला आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सुभेदारसाहेब कनात खांद्यावर टाकून दुकानात आले. त्यांनी ती दुकानाच्या फळीवर आपटली. कडेच्या आयलेट्सची पितळी कडी सगळी उपटून आली होती.

"उस्ताद, ये कनात सिली है या बच्चे का लंगोट? एक बारिश में इतनी-सी हो गयी! मेरे जवान रोटी पे पानी खा रहे हैं."

तुम्ही कापड उचललंत, कडेवरून हात फिरवलात. तुम्हाला कळलं. तुमची नजर माझ्याकडे आली नाही, हे मी नीट पाहिलं, कारण मी तिची वाट पाहत होते. तुम्ही म्हणालात, "गलती मेरे हाथ की है, साब. बुखार था. शाम तक नयी पट्टी जोड़ के देता हूँ." माझ्या फ्रॉकच्या खिशात टेप होता. मी तो मुठीत धरून ठेवला होता.

सुभेदार गेल्यावर आई मला म्हणाली, "झाली का शिकून शानी?" तुम्ही तिला हातानेच थांबवलंत. मग मला म्हणालात, "माप बरोबर होतं तुझं. पण कापड आटतं तेव्हा तुझा टेप बघायला थांबत नाही." एवढंच रागावणं. मग तुम्ही त्याच कॅनव्हासची एक चिंधी कापून माझ्या हातात दिलीत. म्हणालात, मोज, लिही, भिजव, वाळव, परत मोज. मी ते तीन दिवस केलं. दर वेळी चिंधी थोडी कमी भरली आणि शेवटी एका हाताला बोटापेक्षा किंचित कमी इतका हिशोब निघाला. मी वही तुमच्यापुढे धरली. तुम्ही आकडे वाचलेत की नाही मला माहीत नाही, पण वही दोन्ही हातांनी घेतलीत. मी आयुष्यात केलेला तो पहिला खरा प्रयोग. पुढे डिप्लोमाला, नंतर नोकरीत, मी जे काही तपासलं ते त्याच क्रमाने तपासलं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेआधी तुम्ही गेलात, आणि त्याआधी आपल्याकडे अशी बोलायची पद्धतही नव्हती.

तुम्ही गेल्यापासून आई एकही रात्र घराबाहेर राहिलेली नाही. मामाच्या मुलीच्या लग्नालासुद्धा ती सकाळच्या एसटीने वणीला गेली आणि संध्याकाळच्या एसटीने परत आली. होडीचं विचारलं तेव्हा पहिल्यांदा म्हणाली, "पाण्यावर झोपायला मी काय मासोळी हाय का?" दुसऱ्यांदा म्हणाली, मांजराला दूध कोण घालणार. तिसऱ्यांदा गुडघे. चौथ्यांदा कारण दिलंच नाही. "नाय म्हटलं ना," एवढंच. छताचं कापड मी तिच्याच घरी, तुमच्या मशीनवर शिवलं. ती स्वयंपाकघरातून बघत होती, पण जवळ आली नाही. मी खडूने आखलं, कापलं, शिवलं, आयलेट्स ठोकली. चार तास लागले. हात भराभर चालत होता आणि मला बरं वाटत होतं.

गेल्या रविवारी मी तिला, नुसतं बघायला चल, असं म्हणून धक्क्यावर नेलं. ती पिठलं-भाकरी बांधून आली आणि काठावर बाभळीखाली प्लास्टिकच्या खुर्चीत पाण्याकडे अर्धी पाठ करून बसली. मी होडीवर छत चढवलं. पुढचा हूक लागला, मागचे लागले, आणि मधे कापडाला झोळीसारखा झोल पडला. दुपारचा वारा सुटला होता. ते फडफडायला लागलं. धक्क्यावरचे राखणदार काका बिडी विझवून म्हणाले, "ताई, पाळणा बांधला काय? बारसं कोणाचं?"

मला क्षणभर कळेना. हुकांमधलं अंतर मी दोनदा मोजलं होतं, तीन मीटर. मग कळलं. तीन मीटर म्हणजे साडेसहा हात. साडेसहा बोटं. जवळजवळ बारा सेंटिमीटर कापड मी आटण्यासाठी सोडलं होतं, आणि ते कापड पॉलिएस्टरचं आहे. ते आटत नाही. धरणात महिनाभर बुडवून ठेवलं तरी आटणार नाही. हे मला माहीत आहे, मी त्या कापडाचा तांत्रिक कागद वाचला आहे. आणि तरी खडू हातात आल्यावर मी चिंधी भिजवली नाही, कागद आठवला नाही, हाताला बोटभर सोडत गेले. तुम्ही मला नियम दिला होता आणि नियम तपासायची रीतही दिली होती. मी सोपं होतं ते ठेवलं.

मी मागची दोरी ओढून झोल काढू पाहत होते, तेवढ्यात काठावरून आवाज आला. "ओढू नको! आयलेट उपटंल!" आई उभी राहिली होती. डोळ्यांवर हाताची सावली धरून ती छताकडे बघत होती. मग हसली. मी तिला तसं हसताना फार दिवसांनी पाहिलं. "अगं, हे तर त्यांचं माप! या कापडाला कुठून आट असणार?"

"विसरले," मी म्हटलं.

"मधोमध दुमड घालावी लागंल. काढून आण इकडं."

"काढलं तर झोल किती आहे ते कळणार नाही. ताणलेलं असतानाच टाचायला हवं."

"मग टाच की."

"मला तेवढं सरळ येत नाही, आई."

हे खरं होतं. तिने एकदा पाण्याकडे पाहिलं. मग चपला काढल्या, पदर खोचला आणि धक्क्याच्या टोकाशी आली. मी हात पुढे केला. तिने तो न धरता माझं मनगट धरलं, घट्ट, आणि पाय टाकला. होडी तिच्या बाजूला कलली. "अगं बाई, हलतंय हे!" काका म्हणाले, "हलणारच, आक्का. पाण्यावर हाय ते, ओट्यावर नाय." "तुम्हाला कोणी विचारलंय?" आई म्हणाली आणि मधल्या फळीवर बसली. मी सामानाच्या डब्यातून शिडाची सुई, मेण लावलेला दोरा आणि तळहाताचा पट्टा काढून दिला. तिने पट्टा उलटसुलट पाहिला. "नवा हाय. चावंल."

दीड तास ती काम करत होती. मी कापड चिमटीत धरायचे, ती टाके घालायची, दोन टाक्यांमधलं अंतर मोजून घेतल्यासारखं समान. मधे कोणाची तरी मोटरची होडी जवळून गेली, लाटा आल्या, आपली होडी डुलली. आईने डावा पाय समोरच्या फळीला टेकवला आणि शिवत राहिली. तिने मान वर केली नाही. मी मात्र तेवढा वेळ तिच्या पायाकडे बघत होते. शेवटची गाठ मारून तिने दोरा दातांनी तोडला, आणि छत एकदा बोटांनी वाजवून पाहिलं. ताणलेलं होतं. मग तिने पहिल्यांदा आजूबाजूला नीट पाहिलं आणि तिची तपासणी सुरू झाली. स्टोव्ह वाऱ्याच्या तोंडाशी का ठेवलाय, पलीकडं ठेव. पाण्याचा कॅन असा पायात नको. तिखट-मिठाचा डबा कुठंय? मी म्हटलं, तयार पाकिटं घेतली आहेत, गरम पाणी ओतलं की झालं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी वही काढून "तिखट-मीठ" लिहिलं. धक्क्यावर परत उतरताना ती म्हणाली, "पांघरुणं दोन घे माझ्यासाठी. पाण्यावर गारठा लय असंल. आणि मांजराचं मी शेजारी सांगते."

मी फक्त "बरं" म्हटलं. गाडीत ती पिठल्याच्या डब्याचं झाकण दाबून बसली होती आणि मी रस्त्याकडे बघत होते.

हे पत्र मी कुठे पाठवणार नाही, त्यामुळे त्यात एक गोष्ट लिहायला हरकत नाही. आईला मी सांगितलं आहे की तिला बदल हवा, म्हणून तिला नेते आहे. ऑफिसमध्येही तेच सांगितलं, आणि सगळे म्हणाले, किती छान. तसं नाही. नांगर, दिवा, पंप, बादली, मी सगळं तीनदा तपासलं आहे, वहीत एकही रिकामी चौकट उरलेली नाही. तरी एकटीने पाण्यावर रात्र काढायची मला भीती वाटते.