किड्याला माझं नाव नको

चि. पाखऱ्यास आत्याचा आशीर्वाद. आम्ही धडधाकट आहोत. माझे गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं ऐकायला वेळ नाही. तू वेळेवर जेवतोस ना, का दिवसभर भिंगाला डोळा लावून बसतोस?

तुझं पत्र आलं. आमच्या शिवणाच्या दुकानाच्या पायरीजवळच्या झुडपात तुला सापडलेली अळी म्हणे आजवर कुणाला ठाऊकच नव्हती, आणि तिचा पतंग झाला की त्याला तू माझं नाव देणार. अरे, दुसरं काही दिसेना का द्यायला? तांदळाच्या कणीएवढा जीव. पानाच्या आत शिरतो, वरचं कापड शाबूत, अस्तर शाबूत, मधलंच तेवढं खातो. पानभर ती वेडीवाकडी पांढरी रेघ (माझ्या हाताखालच्या मुलीने अशी शिलाई मारली असती तर सगळी उसवायला लावली असती). तुझे आतोबा पत्र ऐकून म्हणाले, “आतून पोखरतो आणि आवाज नाही? मग दुसऱ्या कुणाचं नाव शोभणार?” त्या दिवशी त्यांना बिनसाखरेचा चहा मिळाला.

पतंग बाहेर येईपर्यंत झुडपाला हात लावू नका, असं तू बजावलंस. नेमक्या त्याच झुडपाने दुकानाची पाटी झाकली आहे. पाटीवर नाव आतोबांचं (शिवते मी, ते बटणं लावतात आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारतात). ते कात्री घेऊन निघाले, तीही माझी कापडाची. मी काढून घेतली. कात्रीला धार राहावी म्हणून, दुसरं काही नाही. मग त्या फांदीला जाळीच्या कापडाची पिशवी शिवून नाडी आवळली. आता येणारी प्रत्येक बाई विचारते, असा झगा आमच्या मुलीला शिवाल का.

तर माझं नाव नको. गिऱ्हाइकं मला टेलरीणबाई म्हणतात, आतोबा ‘अगं’ म्हणतात, तू आत्या म्हणतोस. माझं काही अडत नाही. किड्याला नंबर दे आणि मोकळा हो.

तुझी आत्या

ता. क. आज पिशवीत दोन पतंग निघाले. कापडाचा भुगा समजून फुंकर मारणार होते, तेवढ्यात उन्हात पंख जरीसारखे चमकले. बटणांच्या बरणीत ठेवलेत. लवकर ये.

आणखी एक. नाव घालशील ते माझं एकटीचं घाल, मध्ये आतोबा नकोत. ते अजून पाटीवरून धुसफुसतात. मी सांगितलंय, तुमच्या नावाचा किडा निघाला की झुडूप कापू.