तिघांच्या हातातलं पाणी

गुरुजी, तुमाले जाऊन बहुत वर्सं झाली, तरी आज मले तुमच्याशीच भांडाचं आहे.

मालगुजारी गेली ते वर्स आठवते का? तोवर तलावाचं पाणी गावाच्या मालकाच्या, मालगुजाराच्या मर्जीचं. तो हो म्हणे तवा तलावाच्या मातीच्या पाळीतलं दार, तुडुम, उघडे अन् पाणी धानात येई. तो रुसला का आमी हात जोडून उभे. तो गेला अन् तुडुम कोणाच्या हुकमानं उघडाचं, हेच समजेना. तवा तुम्ही शाळेच्या भिंतीवर कोळशानं तीन चौकटी काढल्या. म्हणाले, अमेरिकेत कायदा करणारे वेगळे, राज्य चालवणारा वेगळा, निवाडा करणारे वेगळे; एक चुकला तर दुसरा त्याले अडवते. आपणही तसंच करू. कास्तकारांच्या बैठकीनं ठरवाचं, सरपंचानं तुडुम उघडाचं, अन् मासे धरणाऱ्या ढिवरांची तक्रार असली तर पंचांनी ऐकाची, तोवर तुडुम बंद. "एकाच्या हाती सगळं देलं का मालगुजार तयार होते, बाप्पा!" आमी टाळ्या पिटल्या. अमेरिका कुठी आहे ते कोणाले माहीत होतं!

मंग एका साली हस्त कोरडा गेला. धान दुधात, अन् बांधीत भेगा. बैठक म्हणे, पाणी सोडा. सरपंच म्हणे, तलाव आटंल, अर्धंच सोडतो. ढिवर पंचांकडे गेले, "मासे मेले तर आमी उन्हाळाभर काय खावं?" तेही खोटं नव्हतं. पंच म्हणे, आधी बैठकीचं अन् सरपंचाचं एक होऊ द्या. रोज सगळे वडाखाली बसत, रोज एक जण दुसऱ्याले अडवे, अन् माझं धान पिवळं पडून राह्यलं होतं.

मी तुडुम फोडाले लोखंडी सब्बल घेऊन पाळीवर आलो, तर तुम्ही तुडुमाच्या तोंडाशी बसून.

"सरका गुरुजी. तुमची अमेरिका माह्या वावराच्या धुऱ्यावर आणून दाखवा!"

"आज तू फोडशील, उद्या तुह्याहून दांडगा फोडंल. मंग त्याले कोण अडवंल? बोलत राह्य, तोड निघते."

मी परत फिरलो. तोड निघाली हो, पण तवापर्यंत वावरात वाळल्या तणसाशिवाय काही नव्हतं. बायको पोट भराले माहेरी गेली. तुम्ही आपल्या घरचे तांदूळ आणून ओट्यावर ठेवले, अन् मी तुमच्याकडे पाह्यलंही नाई. तरी पुढं इतकी वर्सं मीच गावाले तुमच्या तीन चौकटी समजावत आलो, काऊन का कोण्या दांडग्याले हा तलाव गिळता आला नाई, हे मी डोळ्यानं पाह्यलं.

यंदा पुन्हा तसंच. बैठक, सरपंच, पंच, कोणीच हटेना. काल धानगिरणीवाला वडाखाली उभा राह्यला. "सगळं माह्या हाती द्या, सकाळी पाणी देतो. पुन्हा इचाराचं मात्र नाई." हात वर करा म्हणाला.

आज सकाळी पाणी आलं. नातवाचं धान हिरवं राहील. ढिवरांच्या म्हाताऱ्या पाळीवर बसून रडून राह्यल्या, अन् त्यांची तक्रार ऐकाले आता कोणी नाई. हे पत्र कोण्या पेटीत टाकू? तुम्ही असते तर तोंड दाखवाची हिंमत झाली नसती, म्हणून लिहितो. काल मीही हात वर केला, गुरुजी, अन् करतानी मले बरं वाटलं.