पानं पुण्याला जाऊन येतील

३ फेब्रु. ९८, पुणे
ईदचा शिरखुर्मा होस्टेलवर आणला. खोलीपर्यंत पोचलाच नाही, जिन्यातच फस्त. मला रिकामा डबा मिळाला.
मॅडमनी एम.एस्सी.च्या प्रबंधाचा विषय मान्य केला: घोडेगावच्या वरच्या अंगाला एका वाडीची देवराई, आणि तिथली झाडं. अट एकच. प्रत्येक झाडाची डहाळी आणायची, दाबून वाळवायची, कागदावर लावून विभागात जमा करायची. "नमुना नाही तर झाड नाही, सलीम." म्हटलं मॅडम, देवराईत डहाळ्यांना काय तोटा.

८ फेब्रु., वाडी
घोडेगावहून एसटी, मग चढ. धोंडूबाबा देवराईचे भगत, त्यांच्याकडेच उतरलो. त्यांच्या बायकोनं, ठकूबाईनं, आधी माझं तोंड निरखलं. "जुन्नरच्या मण्याराचा ना रं तू? नाक बापाचंच हाय." अब्बा माझ्या जन्माआधीपासून बांगड्यांची पेटी घेऊन या वाड्या फिरतात. मी विद्यापीठाचा संशोधक म्हणून आलो होतो, झालो बांगडीवाल्याचा पोरगा. पण त्या नात्यानं लगेच भाकरी मिळाली, तेव्हा तक्रार नाही.
देवराई! भरदुपारी आत गारवा. गारंबीची वेल माझ्या मांडीपेक्षा जाड, पार शेंड्यापर्यंत गेलेली. किती वेळ नुसता बघत उभा होतो. मग कात्री काढली आणि ठकूबाईनं ती हातातून काढून घेतली.
"हितलं पान बी भाईर जात न्हाई. आमी वाळकी काटकी बी नेत न्हाई."
घ्या. धोंडूबाबा म्हणाले, "देवाला इचारू. सकाळच्याला कौल लावतो."

९ फेब्रु., वाडी
देवाच्या शेंदरी दगडावर दोन्ही बाजूंना फुलाची एकेक पाकळी चिकटवली. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. धोंडूबाबांनी खड्या आवाजात विचारलं, "देवा, ह्यो मण्याराचा सलीम झाडाच्या डहाळ्या तोडून पुन्याला न्याया म्हंतो, तोडू दे का?"
वाक्य पुरं व्हायच्या आत डावी पडली.
मी म्हटलं, बाबा, वारा होता.
"वारा बी त्याचाच."
देवराईबाहेर वाटेल तेवढं तोड म्हणाले. बाहेर हिरडा आणि करवंद. त्यावर प्रबंध लिहायचा तर घोडेगावच्या स्टँडवर बसूनही लिहिता येईल.

११ फेब्रु., जुन्नर
एसटीडी बूथवरून मॅडमना फोन. "कौल म्हणजे लेखी परवानगी का?" नाही म्हटलं. "मग या महिन्यात नमुने आण, नाहीतर विषय बदल." विषय बदलला तर वर्ष गेलंच. घरी कुणाला सांगितलं नाही, पण जेवलो कमी, त्यामुळे अम्मीला कळलंच.
संध्याकाळी दुकानात बसलो. एका बाईचा हात अब्बांच्या हातात, बांगड्या भरणं चाललेलं. धाकटी बहीण शबाना मध्येच म्हणाली, "अब्बा, या डझनातली एक फुटलीय." अब्बांनी असं पाहिलं तिच्याकडे! बाई गेल्यावर: "किती दफा सांगू बेटा, फुटली नाय बोलायचं. वाढली." अठरा वर्षांची झाली तरी शिकत नाही. मी तिला हसलो.
मग हसता हसता थांबलो. आपण देवाला विचारलं काय? तोडू का, नेऊ का. घरातून निघताना माणूस 'जातो'सुद्धा म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. आणि मी सरळ तोडायची भाषा केली. मी देव असतो तरी नाही म्हटलं असतं.
अब्बांना सांगितलं. म्हणाले, "तू बी येडाच है. चल, मलाही फेरी करायचीच है."

१५ फेब्रु., वाडी
धोंडूबाबा आधी बधेनात. एकाच गोष्टीला दोनदा कौल लावत नाहीत. मी म्हटलं, गोष्टच वेगळी आहे. पानं पुण्याला जाऊन येतील. कात्री नाही, हातानं खुडीन, आणि सगळी परत आणीन.
"जामीन कोन?" ठकूबाई.
"मी," अब्बा म्हणाले. पेटी खाली ठेवून.
पाकळ्या लावल्या. मी पर्यावरणशास्त्राचा विद्यार्थी, पाकळीला चिकटपणा किती, ओल किती, सगळं डोक्यात होतं, आणि नजर मात्र उजव्या पाकळीवरून हलेना.
उजवी.
अब्बांनी माझ्या पाठीत असा धपका घातला की अजून दुखतंय. गारंबीची डहाळी पहिली खुडली. आजच्यासारखा दिवस परत कधी यायचा.

२० मार्च, पुणे
नमुने वाळले, कागदांवर लागले. गारंबी बघून मॅडमनी चष्मा पुसला, म्हणजे खूश. "आता विभागाचा शिक्का मारू." मी परत द्यायचं सांगितलं. आधीही सांगितलं होतं, तेव्हा त्यांना गंमत वाटली होती. "अरे, देवाला सांगायला ते ठीक आहे. बाहेरचे परीक्षक आले, आणि नमुने कुठेत म्हणाले, तर?"
खरंच, तर काय?

५ एप्रिल, जुन्नर
अब्बांची फेरी रिकामी परत. वाडीतल्या एकीनंही बांगड्या भरल्या नाहीत. ठकूबाईनं ठरवून टाकलंय: "पानं आली का मंग भरू." अब्बा हसत सांगत होते, पण पेटी उचलणं त्यांना जड गेलं. मला म्हणाले, "तू परीक्षेचं बघ." त्यानं जास्तच लाज वाटली.

९ एप्रिल, पुणे
मॅडमना सगळं सांगितलं, बांगड्यांसकट. मग म्हणाल्या, फोटो काढ आणि घेऊन जा. "पण प्रबंधावर सही करीन असं मी म्हटलेलं नाही. सोमवारी बघू." शिक्का मारलेला नव्हता. मारायचा आहे, मारायचा आहे म्हणत त्यांनीच राहू दिलं होतं, असं आता वाटतंय.

११ एप्रिल, वाडी
अब्बांबरोबर आलो, बांगड्यांच्या खोक्यातून पानं आणली. ज्या झाडाचं त्याच्या बुंध्याशी ठेवलं. ठकूबाई मागोमाग, एकेक बघत. "गेली तवा हिरवी व्हती की रं." मी म्हटलं, पुण्याचं पाणी मानवलं नाही. हसली. मग अब्बांपुढे हात केला, आणि तिच्यामागं बाकीच्या बसल्या. अब्बा हिरव्या बांगड्या भरत होते, मी शेजारी पेटी धरून. फार बरं वाटलं.
धोंडूबाबा म्हणाले, "तुज्या डिगरीचं इचारू का?" मी नको नको म्हणेपर्यंत पाकळ्या लागल्यासुद्धा. एकही पडेना. उजवी थोडी हलली, परत बसली. एसटीची वेळ झाली.
"तू जा," ठकूबाई म्हणाली. "पडली का तुज्या बापाकडं सांगावा धाडते."
वळणावरून मागे पाहिलं. दोघं अजून दगडासमोर बसलेली. ओरडून म्हटलं, येतो.