आत्याबाईंचं बदललेलं मृत्युपत्र

प्रिय आत्याबाई,

काल शेजारच्या पद्माअक्का येऊन बसल्या आणि मृत्युपत्र बदलताना तुम्ही वकिलांना काय म्हणालात, ते त्यांनी सांगितलं. तेव्हापासून तुमच्याशी बोलायचंय. तुमच्या खाटेवर बसूनच लिहितेय.

पहिलं मृत्युपत्र तुम्ही मामांच्या माघारी केलं होतं. सोलापूरचं हे दोन खोल्यांचं घर मुलाच्या नावे. मग मुलगाच गेला. कामावरून येताना त्यांच्या गाडीला टँकरनं धडक दिली आणि घरात आपण दोघीच उरलो, सासू आणि सून.

पुढे तुमचं दुखणं वाढलं तेव्हा तुम्ही वकिलांना घरी बोलावलंत. जुन्या कागदावर खाडाखोड नको, नवीनच करू, असं ते म्हणाले. साक्षीला पद्माअक्का आणि त्यांचे यजमान. मला बाहेर बसायला सांगितलं. मी पायरीवर शेंगा सोलत बसले. घर आता वन्संच्या नावे होणार, हे मी धरूनच चालले होते. पोटची लेक तुमची. मी कोण?

त्याच संध्याकाळी तुम्ही म्हणालात, "माज्या मागं हितं एकटी ऱ्हाऊ नको." किती लागलं मला ते! वाटलं, घर सोड म्हणताय. मी विचारलं नाही, तुम्ही उलगडून सांगितलं नाही. माझी ट्रंक मी भरून ठेवली होती. तुम्ही पाहिली होती का ती?

तेराव्यानंतर वकिलांनी वाचून दाखवलं. घर माझ्या नावे. वन्सं न जेवताच बार्शीच्या एसटीनं निघून गेल्या. तुम्ही असं का केलंत, तेच मला कळेना.

ते काल कळलं. वकिलांनी विचारलं होतं म्हणे, सुनेनं दुसरं लग्न केलं तर घर लेकीला जाईल, अशी अट घालायची का? तुम्ही उशीवरून उठून बसलात. म्हणालात, "तसलं काय बी लिवू नका. लगीन करावंच तिनं. तितं न्हाय पटलं, तर माघारी याया घर पायजे की."

आत्याबाई, हे मला का नाही सांगितलंत? तुमचे पाय चेपताना मी रडायची, ते कशापायी असं वाटायचं तुम्हाला? एकदा तरी तुमच्या गळ्यात पडले असते.

लग्नाचं मला आज काही सांगता यायचं नाही. यांचे शर्ट अजून खुंटीला तसेच आहेत.

पण वन्संचं दुःख मला कळतं. भाऊ गेला, आई गेली, आणि माहेरी राहिली ती फक्त भावजय. पंचमीला मी स्वतः बार्शीला जाऊन त्यांना आणणार आहे. त्या रागावतील, घालून पाडून बोलतील. बोलू देत. यंदा नाही आल्या, तर पुढच्या वर्षी पुन्हा जाईन. त्या येईपर्यंत जात राहीन, हा माझा शब्द.

तुमची सून,
सविता