पंचफुला मागच्या रांगेत

सुलतानपूर, ४ डिसेंबर १९६१

चि. सुभद्रास महादेवचे अनेक आशीर्वाद. इकडे कापसाची वेचणी चालू आहे. तुझी वहिनी सत्यभामा आठवण काढते.

परवा तुह्याकडून पंचफुला घरी आली अन् आल्याबरोबर रडत बसली. म्हणते, खामगावच्या युवक मेळाव्यात गाण्याची पहिली ओळ एकटीनं म्हणायची होती, ते आत्यानं काढून रुखमाले देली. रुखमा म्हणजे मेहकरच्या बाजारात वांगे विकणाऱ्या कडूबाची पोरगी ना? सुभद्रा, शाळेत मास्तरीण झाली म्हणून घरचं माणूस विसरली काय? पंचीसारखा गळा पाच गावात नाही. तिले शिकाले तुह्याकडे ठेवलं, ते रांगेत मागं उभी कराले नाही. तालमीले चुकली, तर माह्या बोलावण्यानं चुकली. साखरपुडा होता, हुरडा होता, तिचा मामा आला होता. घरची लेक घरी नाही येणार, तर कुठं जाणार?

तिची ओळ तिले परत दे. नाही तर गाण्यासाठी देलेली माही बाजाची पेटी आपल्या कारभारीले पाठवून परत नेईन. लोभ आहे म्हणूनच आधी लिहून कळवलं.

महादेव


मेहकर, ९ डिसेंबर १९६१

ती. दादांच्या सेवेशी सुभद्राचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा जास्त राग आला, म्हणून उत्तराला उशीर केला.

दसऱ्यापासून तीस तालमी झाल्या. पंची अकरांना आली. रुखमा एकदाही चुकली नाही, आणि ती पहाटे बापाबरोबर वांगी तोडून मग सातला शाळेत येते. पंचीचा गळा चांगला आहे, हे मला कळतं. पण आमची चोवीस मुलं एकत्र गातात. कुठे श्वास घ्यायचा, कुठे आवाज बारीक करायचा, हे रोज शेजारी उभं राहूनच अंगात मुरतं. गेल्या आठवड्यात, ती घरी जायच्या आधी, बुधवारी पंची मनाला आलं तिथे थांबली आणि तिच्या भरवशावर गाणारी सात पोरं अडखळली. त्यांना मी काय सांगू, ही माझी भाची आहे म्हणून?

तिला मी काढलेलं नाही. मागच्या रांगेत उभी केली आहे. रोज आली तर मंचावर येईल, नाही तर नाही.

दादा, विधवा बहिणीला शिकायला पाठवलं म्हणून अर्धं गाव तुमच्याशी बोलत नव्हतं. तेव्हा तुम्हीच बजावलं होतं की एकही दिवस वर्ग बुडवू नको, भाऊबीजेलाही येऊ नको. मी आले नव्हते. आता तुमच्या लेकीला वेगळा नियम लावा म्हणता. तो मी लावणार नाही.

पेटी पुसून बांधून ठेवली आहे. कारभारीला खुशाल पाठवा. वहिनीला नमस्कार. रागातही थोडा लोभ राहू द्यावा.

सुभद्रा


मेहकर, २४ डिसेंबर १९६१

ती. बाबांस पंचफुलाचा शि. सा. नमस्कार.

पेटी गेली. कारभारीकाका ती उचलताना आमच्याकडे पाहत नव्हते. आता आत्या स्वतःच सूर देते. पहिल्या दिवशी आम्ही गाता गाता इतके खाली उतरलो की शेवटची ओळ कोणाच्याच गळ्यातून निघेना. सगळे हसलो. आत्या हसली नाही. म्हणाली, पेटी नाही तर एकमेकांना ऐका.

मी चार दिवस आत्याशी बोलली नाही. पण बाबा, एक गोष्ट तुम्हाले सांगितली नव्हती. सगळ्या तालमी तुमच्या बोलावण्यानं नाही चुकल्या. पाच-सहा वेळा मी इथंच पांघरूण घेऊन पडून होती. वाटे, आपला गळा आहे, आपल्याले काय शिकायचं? आता मागं उभी राहून ऐकते. रुखमा श्वास कधी घेते, ते सगळ्या पोरांले पाठ आहे. माझा कोणालेच माहीत नाही.

चुलतबहीण सोजराताईच्या लग्नाले तुम्ही पाच दिवस आधी बोलावलं. मी लग्नाच्या दिवशीच येईन, सकाळची तालीम करून, अन् संध्याकाळच्या गाडीनं परत जाईन. त्याच्या आधी घ्यायले बैलगाडी पाठवू नका, मी बसणार नाही. मायले समजावा.

रागावलात तरी तुमचीच,
पंचफुला


सुलतानपूर, २८ डिसेंबर १९६१

चि. सुभद्रास आशीर्वाद.

पोरीचं पत्र भेटलं. अक्षर तिचं, जीभ तुही. भरल्या मांडवातून ते उठून गेली तर पाव्हणे काय म्हणतील? तिले सांग, मंग मी तिच्याकडे पाहणार नाही. तुह्याकडेही नाही. बाकी क्षेम.

महादेव


मेहकर, ३० जानेवारी १९६२

ती. दादांस सुभद्राचा नमस्कार.

पंची मांडवातून उठली तेव्हा तुम्ही खरंच तोंड फिरवलंत. माझ्या शेजारी गाडीत बसून ती मेहकरला आली. दुसऱ्या दिवशी सातला शाळेत हजर होती.

२६ तारखेला खामगावला आमचा नंबर आला नाही. रुखमा घाबरली आणि तिनं पहिली ओळ नेहमीपेक्षा दोन सूर वर उचलली. पण बाकीची तेवीस पोरं तिच्यामागे तेवढीच वर चढली, एकही फुटलं नाही. तिथे पंचीला सगळ्यांच्या वर सहज जाता आलं असतं. ती गेली नाही. शेजारणीच्या आवाजात आवाज धरून राहिली.

परीक्षक म्हणाले, पेटीशिवाय गाणं अपुरं वाटतं. मी त्यांना सांगितलं की अपुरे तुमचे कान असतील. पुढच्या वर्षीही आम्ही असेच गाणार आहोत.

पाहणार नाही म्हणालात, पण वाचाल या भरवशावर लिहिलं आहे.

सुभद्रा


सुलतानपूर, ६ फेब्रुवारी १९६२

चि. सुभद्रास महादेवचे आशीर्वाद.

मी खामगावले होतो. कापूस घालाले गेलो होतो, तिथून मेळाव्याकडे वळलो. तुले दिसू नये म्हणून पार मागं उभा राह्यलो. गाणं सुरू झालं तसा पंचीचा आवाज शोधू लागलो. ते दूर वावरात गात असली तरी मी ओळखतो. पण पूर्ण गाणं संपलं, मले तो सापडला नाही. आधी संताप आला, वाटलं, माह्या पोरीचा गळाच दाबला हिनं. बाजूचा माणूस म्हणे, एकच कोणी गाऊन राह्यलं असं वाटते. मी त्याले सांगितलं, त्याच्यात माही पोरगी आहे. त्यानं विचारलं, कोणती? मले सांगता आलं नाही. सांगावं असंही वाटलं नाही.

मी चुकलो, असं लिहिणार नाही. तूही लिहू नको. पण शिवरात्रीले पोरीले बोलवा म्हणून तिची माय मागं लागली होती. तिले मी साफ सांगितलं, परीक्षा होईपर्यंत कोणी बोलावणार नाही. दोन दिवस झाले, ते रडून राह्यली.

तिचं मी पाहून घेतो. तू सकाळच्या सातचं पाहा.

महादेव