एक वाजताचा भोंगा

५ मे २०२५, सोमवार
संध्याकाळी गोदामाच्या सर्व्हरवर लिनक्सची नवी आवृत्ती चढवली. यादी आली — नवी पॅकेजेस १४३, काढायचं एक. 'भोंगा'. जेवणाच्या सुटीचा भोंगा वाजवणारा जुना प्रोग्रॅम. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला. त्याला लागणारी लायब्ररी, म्हणजे आधाराचा तयार कोड, नव्या आवृत्तीत नाही. काढू का, सर्व्हरनं विचारलं. काढ, म्हटलं. प्रत्येकाच्या खिशात घड्याळ आहे!
जितेंद्र सरांना लेखी दिलंय — काहीही बंद पडणार नाही. शुक्रवारी माझं प्रोबेशन संपतं. "काही बंद पडलं तं अजून सहा महिने हं," ते हसत म्हणाले. मी हसले नाही.

६ मे, मंगळवार
एक वाजला. कोणीही उठलं नाही! सत्तावीस माणसं खोकी भरत राहिली. पॅकिंगमधली मिनल आली — "भुकेनं जीव चालला वं माहा!"
मग जेव ना.
"भोंगा कुठं वाजला?"
अडीचला मी डबा उघडला. माझ्याकडे बघून सत्तावीस डबे उघडले. चहाही नाही — तो करणारे गेटवरचे कृष्णकांतकाका पोरीच्या लग्नासाठी तीन दिवस सुटीवर.

७ मे, बुधवार
सर खूश. "काम लय जोरात होऊन राहिलं! काहून?" बघते, मी म्हणाले.
'भोंगा' परत बसवायला गेले. त्याला जुनी लायब्ररी हवी. तिला आणखी जुनी. तिचं नव्या आवृत्तीशी पटत नाही. जावई बोलावला तर मावशी आली, मावशीचं आपल्या आत्याशी वाकडं!

८ मे, गुरुवार
अकरा जुनी पॅकेजेस सर्व्हरच्या वेगळ्या कोपऱ्यात बांधली. उद्या सकाळी बसवायची.
'भोंगा'ची जुनी नोंदवही चाळली. शेवटचा भोंगा — मार्च २०१९. तारीख चुकली असणार.

९ मे, शुक्रवार
सकाळभर मीटिंग. एक वाजता भोंगा वाजला.
मी अजून काहीच बसवलं नव्हतं!
गेटवर धावले. (मी. धावले.) कृष्णकांतकाका, कपड्यांवर लग्नातली हळद, बोट लाल बटणावर. "तुमची मशीन सहा सालाआधीच मेली बेटा. तवापासून मीच दाबून राहिलो. सायबाले सांगू नको — नवीन मशीन आणतीन, मंग माहं काय काम?" हातावर बुंदीचा लाडू ठेवला.
अकरा पॅकेजेस पुसली. रिपोर्टमध्ये लिहिलं — भोंगा सर्व्हरवर अवलंबून नाही. गेटवरच्या व्यवस्थेवर आहे. ती विश्वासार्ह आहे. काढू नये.
सरांनी न वाचता सही केली. प्रोबेशन संपलं.

१३ मे, मंगळवार
काका पोरीला आणायला वर्ध्याला गेलेत. बटण मी दाबलं. एक वाजून शून्य सेकंद.