गगनबावड्याच्या रस्त्यावरचा पैलवान

आबा, तुमचा सिमेंटचा पैलवान काल उतरवला. रस्ता रुंद होतोय, त्यात हॉटेलाचं अंगण गेलं आणि अंगणाबरोबर तोही गेला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आता ही बातमी तुम्हाला द्यायची कशाला, असं मी स्वतःलाच विचारलं. पण दुसऱ्या कुणाला सांगितली तर तो "अरेरे" म्हणेल आणि चहाचा कप पुढे सरकवेल. त्या पैलवानापायी तुम्ही किती झुरलात हे ठाऊक असलेली मी एकटीच उरले आहे. आईही गेली.

हल्ली असल्या उंच गोष्टींचं रस्तोरस्ती पीक आलंय. उचगावच्या बाजूला कुणी दुमजली किटली उभी केलीय. पुढे एकाची फायबरची म्हैस आहे, आणि एकाची चप्पल तर एवढी मोठी की लोक तिच्या अंगठ्यात बसून फोटो काढतात. तेव्हा आपल्याकडे यातलं काहीच नव्हतं. म्हणून तर तो हॉटेलमालक आपल्या दारात येऊन बसला होता. "मामा, कोकणात उतरणारी गाडी माझ्या दारात थांबली पायजे. लांबनं दिसंल असा पैलवान करा. तीन मजली." तुम्ही जन्मभर गणपती केलेले, फार तर एखाद्या मंडळाचा जरा मोठा. तुम्ही आईकडे पाहिलंत आणि तिनं मान हलवायच्या आत हो म्हणून मोकळे झालात. त्या दिवसाइतके खुशीत मी तुम्हाला पुन्हा कधी पाहिलं नाही.

पाय आणि कंबर तिकडेच रस्त्याकडेला बांधली. छाती आणि डोकं मात्र आपल्या परसात, जाळीवर सिमेंट चढवून. तुम्ही स्टुलावर उभे राहिलात की त्याचं तोंड बरोबर तुमच्या तोंडासमोर यायचं. डोळे तुम्ही शेवटी काढलेत, गणपतीचे काढायचात तसेच. पहाटे आंघोळ करून, कुणाशी एक शब्द न बोलता. मी रंगाची वाटी धरून शेजारी दुसऱ्या स्टुलावर उभी आहे. तुम्ही रेघ ओढता, श्वास सोडता आणि मला विचारता, "बघतोय का तुझ्याकडं?" मी म्हणते, "व्हय आबा, माझ्याकडंच." तुम्ही हसता.

आणि मग क्रेननं ते वर चढवलं. सगळा गाव जमला होता. खाली उभं राहून पाहिलं तर पैलवान आपल्या कुणाकडेच बघत नव्हता. सगळ्यांच्या डोक्यांवरून त्याची नजर लांब आभाळात लागली होती. एवढ्या उंचीवरच्या मूर्तीचे डोळे खाली झुकवावे लागतात, हे तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. मखरातल्या गणपतीसमोर माणूस उभा राहतो आणि समोरासमोर बघतो, तीच सवय तुमच्या हातात मुरलेली. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "पावणं, पैलवान ढग मोजतोय की!" झालं. त्या दिवसापासून एसटीचे कंडक्टरसुद्धा त्या थांब्याला ढगमोज्या म्हणायला लागले.

मालक वाईट नव्हता. आठवड्याभरानं घरी आला आणि म्हणाला, "परांची बांधून देतो, मामा. डोळं तेवढं पुसून खाली घ्या की."

"उघडल्यालं डोळं पुसत न्हाईत."

"आवं, ह्यो काय देव हाय व्हय?"

"न्हाय. पर डोळं हायती."

तो गेल्यावर जेवताना मी म्हटलं, पुसा की आबा, कुणाला कळतंय? तुम्ही घास खाली ठेवलात. "तुला कळंल न्हवं? मग बास." ताटातच हात धुतलात आणि उठलात. आई माझ्याकडे असं बघत होती की मलाही जेवण गेलं नाही. पुढे कुणी तुमच्याकडे उंच काम घेऊन आलं नाही. तुम्ही पुन्हा वीतभर गणपतींकडे वळलात. त्या रस्त्यानं जायची वेळ आलीच तर एसटीत पलीकडच्या खिडकीशी बसायचात. दवाखान्यातल्या त्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही मला विचारलंत, "अजून वरच बघतोय?" मग तुम्हीच म्हणालात, "नजर चुकली माझी." तुमचं ते वाक्य माझ्या मनातून आजवर गेलेलं नाही. इतकं चांगलं काम केलेला माणूस, आणि जाताना एवढंच बरोबर घेऊन गेलात.

काल मी राजारामपुरीतल्या माझ्या ऑफिसातून अर्धी रजा टाकून तिकडे गेले. गॅस कटरनं कमरेपाशी सळ्या कापल्या आणि क्रेननं छाती-डोकं अलगद उचलून जमिनीवर टेकवलं. हॉटेल आता मालकाचा मुलगा बघतो. त्याला मी कोण ते सांगितलं, तेव्हा त्यानं सोड्याच्या बाटल्यांचा क्रेट पालथा घालून मला वर चढायला हात दिला. म्हणाला, "अंगाला रंग दरवर्षी देतोय आमी. डोळ्याला हात लावायचा न्हाय म्हणून बाबांनी सांगितल्यालं." मी वर चढले आणि मान वर केली. आबा, तो माझ्याकडे बघत होता. रंग फिका पडलाय, पण रेघ शाबूत आहे. रागावलेला नाही, ऐट नाही. कुस्ती जिंकून घरी आलेला माणूस दारातूनच घरच्यांना बघतो, तसं बघणं. इतकी वर्षं लाखभर माणसं खालून गेली असतील, त्यातल्या एकालाही हे दिसलं नाही. मला रडू आवरेना.

सळ्या काढायला फोडणं भागच होतं. पण घण घेतलेला कामगार पुढे येईना. "ताई, ह्ये असं बघाय लागल्यावर घण कसा घालू? कायतर टाका तोंडावर." कुणी पोतं आणलं. मी नको म्हणाले. मालकाच्या मुलाकडून पैलवानाच्या अंगाचा उरलेला रंग मागितला, थोडा काळा मागितला. तुम्ही उघडलेल्या डोळ्यांवर मी पापण्या काढल्या आणि खाली रेघ ओढली. पुसले नाहीत, आबा. मिटले.

तुमची नजर चुकली नव्हती असं लिहायला मी बसले होते. पण रस्त्यावरून बघणाऱ्यासाठी ती चुकलीच होती, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? फक्त समोर उभं राहिलं की ती कशी होती, हे तुम्हाला कळायला हवं होतं. ते आता कुठल्या पत्त्यावर कळवू? हा कागद मी घडी करून कपाटात टाकणार आहे, एवढंच.

आणि कामगार घण घेऊन थांबला होता, तेव्हा मी त्याला दोनदा म्हटलं, जरा थांबा, रेघ नीट व्हायचीय. रेघ पहिल्याच हाताला सरळ आली होती, आबा. त्यानंतर मी नुसता कोरडा ब्रश फिरवत होते.